सोनोग्राफी नॉर्मल, तरीही संबंधाच्या वेळी दुखतं

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, लग्नाला दोन वर्षं. सुरुवातीला काही त्रास नव्हता. गेले आठ महिने संबंधाच्या वेळी अगदी दारातच कापल्यासारखं दुखतं आणि नंतर तासभर आग होते. बुरशीची औषधं तीनदा घेऊन झाली, सोनोग्राफी दोनदा नॉर्मल आली. एकीकडे ‘मनातली भीती काढा’ असं सांगितलं, दुसरीकडे ‘एक मूल होऊ द्या, सगळं मोकळं होईल’. गर्भनिरोधक गोळ्या लग्नापासून चालू आहेत. हे नक्की काय आहे, तपासणी कशी होते आणि उपचार काय?

सोनोग्राफी नॉर्मल येणारच होती. ती गर्भाशय आणि बीजांडकोश बघते. तुमचं दुखणं ज्या जागी आहे ती जागा तिच्या चित्रात येतच नाही. योनीच्या आतल्या ओठांच्या मधे, वर मूत्रद्वारापासून खाली योनीच्या मागच्या काठापर्यंत, ओलसर गुलाबी त्वचेची एक अरुंद कडी असते. तिला योनिमुख म्हणू. प्रवेशाच्या वेळी पहिला ताण आणि घर्षण तिच्यावरच येतं. ती तपासायला मशीन लागत नाही. चांगला उजेड, एक आरसा आणि कानात घालतो तशी कापसाची काडी, एवढ्यावर निम्मं निदान होतं. पण स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं चिमट्यासारखं उपकरण) थेट आत सरकवला की तो याच कडीवरून पुढे जातो आणि ती बघायची राहूनच जाते.

म्हणून पहिला प्रश्न ‘किती दुखतं’ हा नसून ‘कुठे दुखतं’ हा आहे. दारातच आग, कापल्यासारखं किंवा सुया टोचल्यासारखं वाटत असेल, तर त्वचा, हार्मोन किंवा तिथल्या मज्जातंतूंकडे बघायचं. ‘भिंत लागल्यासारखं वाटतं, आत जातच नाही’ असं असेल तर स्नायू. प्रवेश विनासायास होतो पण खोलवर धक्का बसला की ओटीपोटात कळ येते, असं असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढणं), अंडाशयातली गाठ, जुना जंतुसंसर्ग, मूत्राशय किंवा बद्धकोष्ठ. दुसरा प्रश्न, कधीपासून? पहिल्या दिवसापासून, अगदी बोट किंवा मेन्स्ट्रुअल कपसुद्धा कधीच गेला नाही, की चांगलं चालू असताना मधेच सुरू झालं? तिसरा, नंतर काय होतं? आग किती वेळ राहते, लघवी लागल्यावर चुरचुरतं का, जीन्स किंवा सायकलची सीट टोचते का, रात्री खाज येते का, पाळीत शी करताना दुखतं का? यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या आजाराकडे बोट दाखवतं.

आणखी एक प्रश्न बाईला एकटीला विचारायचा असतो, नवरा आणि सासू खोलीबाहेर असताना: संबंध तुमच्या मर्जीने होतात का? जबरदस्ती होत असेल तर कुठलंही मलम लागू पडणार नाही, आणि त्या बाईला स्नायू सैल ठेवायला शिकवणं हा अन्यायच आहे. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर अशा वेळी कागदावर न लिहिता तोंडी सांगावा. कागद घरी सापडतो.

आता तपासणी. ती तुमच्या परवानगीने आणि तुम्ही म्हणाल तिथे थांबणारी असायला हवी. पहिल्याच भेटीत ती झाली नाही तरी चालतं. आरसा तुमच्या हातात असावा, म्हणजे डॉक्टर काय दाखवताहेत ते कळतं. आधी नुसतं बघायचं: पांढरट चकाकणारे डाग, बारीक चिरा, लालसर पट्टे, आतले ओठ झिजून बाहेरच्या ओठांना चिकटलेत का, जुन्या टाक्यांचा व्रण. मग पाण्याने ओली केलेली काडी मांडीपासून सुरू करून बाहेरचे ओठ, आतले ओठ असं करत योनिमुखाकडे यायचं. टेकवायची इतकी हलकी की त्वचेला जेमतेम खळ पडावी. योनिमुख घड्याळासारखं धरायचं, मूत्रद्वाराच्या बाजूला १२ आणि गुदद्वाराच्या बाजूला ६. प्रत्येक आकड्याला थांबून शून्य ते दहात वेदना विचारायची आणि लिहून ठेवायची. मांडीवर शून्य, बाहेरच्या ओठांवर शून्य आणि एक सेंटिमीटर आत गेल्यावर आठ, हे चित्र मनाच्या भीतीतून तयार होत नाही.

घड्याळात कुठे दुखतं यालाही अर्थ आहे. फक्त ४ ते ८ मधे दुखत असेल, तर खालचे स्नायू सतत आवळलेले असण्याची शक्यता जास्त. गोल सगळीकडे, मूत्रद्वाराच्या बाजूलाही दुखत असेल, तर हार्मोनची कमतरता किंवा मज्जातंतूंची संवेदना वाढलेली. खात्रीसाठी ४ टक्के लिडोकेनचं, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचं, द्रावण कापसावर घेऊन तीन ते पाच मिनिटं त्या जागेवर धरायचं आणि पुन्हा काडी लावायची. वेदना गेली तर ती वरच्या त्वचेतली. त्यानंतर एकच बोट आत घालून कडेचे स्नायू एकेक करून दाबायचे. त्वचा बधिर असतानाही तिथे ‘हेच, हेच दुखतं’ असं झालं तर स्नायूही सामील आहेत. बहुतेक वेळा दोन्ही असतं, कारण वेदनेच्या भीतीने शरीर आपोआप आवळून घेतं आणि आवळलेल्या दारावर घर्षण वाढतं. मग मूत्राशयाची बाजू, मग गर्भाशयाचं मुख हलवून, मागच्या कोपऱ्यात गाठी हाताला लागतात का ते. स्पेक्युलम सगळ्यात शेवटी, अरुंद मापाचा.

सोबत दोन स्वस्त चाचण्या. योनीच्या बाजूच्या भिंतीला पीएच पट्टी लावायची: प्रजननाच्या वयात ३.८ ते ४.५ नॉर्मल, ५ च्या वर गेलं आणि संसर्ग नसेल तर इस्ट्रोजेन कमी पडतंय. आणि स्रावाचा थेंब काचपट्टीवर, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली. बुरशी आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. शंका राहिली तर कल्चर, म्हणजे स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघणं. तुमचा कोर्स तीनदा झाला, पण ही काचपट्टी एकदा तरी पाहिली गेली का, ते विचारा. पांढरं जातंय म्हटल्यावर हिरव्या पुडीतली दुसऱ्या नंबरची किट, म्हणजे सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, द्यायची ही सरकारी पद्धत प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणासाठी आहे. प्रयोगशाळा शेजारी असताना तीच तीन-तीनदा देण्यात काही शहाणपण नाही. बुरशी नसताना लावलेली मलमं त्याच नाजूक त्वचेला आणखी चिडवतात.

तुमच्या वर्णनावरून योनिमुखाचं दुखणं, वैद्यकीय भाषेत प्रोव्होक्ड व्हेस्टिब्युलोडिनिया, सगळ्यात वर येतं. तपासणीशिवाय हे पक्कं म्हणता येणार नाही. पण सोळा महिने सुखाने गेल्यावर सुरू झालेलं दुखणं आणि सोबत गर्भनिरोधक गोळी, ही जोडी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक वाहक प्रथिन जास्त बनवतं. ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं, आणि योनिमुखाच्या त्वचेला, तिथल्या ग्रंथींना ओलावा राखायला हे टेस्टोस्टेरॉनही लागतं. सगळ्याच बायकांना असं होत नाही, कमी जणींना होतं, पण ज्यांना होतं त्यांची गोळी चालू ठेवून बाकी उपचार करणं म्हणजे गळकं भांडं भरत बसणं.

तेव्हा क्रम असा. गोळी थांबवून दुसरं साधन ठरवा. गोळी पीसीओडीसाठी असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून बदला. योनिमुखावर इस्ट्रिऑलचं, म्हणजे सौम्य इस्ट्रोजेनचं, मलम (ग्रॅममागे १ मिलिग्रॅमचं मिळतं) वाटाण्याएवढं, रोज रात्री, बोटाने त्या कडीवर चोळून. नळीने आत खोल सोडलं तर दुखऱ्या जागी पोचतच नाही, आणि ‘मलमाने फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींची चूक हीच असते. काही तज्ज्ञ यात ०.१ टक्के टेस्टोस्टेरॉन मिसळून घेतात. ते बनवून देणारा फार्मसिस्ट लागतो. पुरुषांसाठीची १ टक्क्याची जेल त्या जागी वापरू नये, ती दसपट कडक आहे. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात.

लिडोकेनबद्दल अपेक्षा माफक ठेवा. संबंधाआधी लावून दहा मिनिटांनी पुसलं तर तेवढ्यापुरता आराम मिळतो. न पुसल्यास जोडीदारालाही बधिरपणा येतो. पण २०१० मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत ५ टक्के लिडोकेन आणि डेसिप्रामीनची (नैराश्यावरच्या औषधाची) गोळी, दोन्ही खोट्या औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. २०१८ मधे गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या औषधाचंही तसंच झालं. उलट २०२१ मधे प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत २१२ बायकांपैकी निम्म्यांना दहा आठवडे पेल्विक फिजिओथेरपी आणि निम्म्यांना रोज रात्री लिडोकेन दिलं, त्यात फिजिओथेरपी स्पष्टपणे पुढे गेली. तरी आपल्याकडे चिठ्ठीवर आधी गोळी येते आणि फिजिओथेरपी येतच नाही.

ती फिजिओथेरपी म्हणजे काय, हे माहीत असायला हवं, कारण ‘पेल्विक फ्लोअर’ म्हटलं की मोबाइलवरचा प्रत्येक जण कीगल शिकवतो. कीगल म्हणजे आवळणं. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. इथे शिकायचं ते सोडणं. उताणं झोपून गुडघे दुमडा, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि लघवी सुरू होताना खाली जे सैल होतं ते जाणवतं का बघा. कुंथायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. उकिडवं बसणं, बालासन, मांड्यांच्या आतल्या बाजूचे ताण यांनीही मदत होते. मग थेरपिस्ट किंवा तुम्ही स्वतः अंगठ्याने योनीच्या आतल्या काठावर ५ आणि ७ च्या दिशेने हलका दाब देऊन तीस ते साठ सेकंद धरायचं, वेदना दहात तीनच्या पुढे जाऊ द्यायची नाही. बद्धकोष्ठ असेल तर आधी तेच सोडवा; रोज कुंथणाऱ्या बाईचे स्नायू सैल पडत नाहीत.

यादरम्यान सहा ते आठ आठवडे प्रवेशाचे संबंध बंद. जवळीक बंद नव्हे. ‘आज जमतं का बघू’ म्हणून दर आठवड्याला प्रयत्न करणं हा उपचार फसण्याचा सगळ्यात मोठा रस्ता आहे: प्रत्येक दुखऱ्या प्रयत्नाने मेंदू तोच धडा पुन्हा गिरवतो. साबण, सुगंधी वॉश, डेटॉल-सॅव्हलॉनचं पाणी, रोजचे पॅन्टी लायनर हे सगळं थांबवा. बाहेरून साधं पाणी पुरतं. वंगण पाण्याचं घ्या, उष्णता देणारं किंवा सुगंधी नको. खोबरेल तेल त्वचेला चालतं, पण लॅटेक्सचा कंडोम त्याने कमजोर होऊन फाटतो.

सहा महिने हे सगळं नीट करूनही आराम नसेल, तर मज्जातंतूंसाठी रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात, स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं (पुरावा संमिश्र आहे) आणि अगदी शेवटी दुखरी कडी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती कुणासाठीही पहिला पर्याय नाही, पण पहिल्या दिवसापासून कडकडून दुखणाऱ्या काही जणींना तिने खरा आराम मिळतो.

हे झालं तुमच्या प्रश्नापुरतं. आता ज्यांचं चित्र वेगळं आहे त्यांच्यासाठी.

लग्नाला दोन-चार वर्षं होऊनही संबंध एकदाही झाला नाही, ही तक्रार महाराष्ट्रात लैंगिक तक्रार म्हणून क्वचितच येते. ‘मूल होत नाही’ म्हणून येते. प्रवेशाच्या वेळी योनीचे स्नायू आपोआप आवळले जाण्याला व्हजायनिस्मस हे नाव अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी १८६२ मधे दिलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत एक चूक चालू आहे: पडदा किंवा दार कापून मोठं करणं. दार लहान नसतं. भूल दिली की तेच दार व्यवस्थित उघडतं, कारण आवळणारा स्नायू झोपलेला असतो. टाके भरून येतात, भीती तशीच राहते, वर एक व्रण मिळतो. खरोखरच पडद्यात आडवी किंवा उभी पट्टी असणं, किंवा योनिमार्ग जन्मतः तयारच न होणं, हे असतं, पण ते तपासून ठरवायचं. तसंच संबंध न होताच थेट आययूआय (वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं) करून देण्याचं. जोडप्याला मूलच आधी हवं असेल तर तो त्यांचा निर्णय, पण उपचार होतो हे त्यांना आधी सांगितलेलं असलं पाहिजे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मधे व्हजायनिस्मस आणि वेदनायुक्त संबंध या दोन्ही निदानांना एकाच नावाखाली आणलं, ते व्यवहाराला धरूनच होतं. दोन्हींची सरमिसळ रोज दिसते.

उपचार पायरीपायरीने. आधी आरशात बघणं, मग स्वतःचं करंगळीचं टोक दारावर नुसतं टेकवून ठेवणं, मग पहिल्या पेरापर्यंत, मग पूर्ण. त्यानंतर मापाने वाढत जाणारे सिलिकॉनचे डायलेटर: रोज दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, भरपूर वंगण. आत गेल्यावर हलवायचा नाही, श्वास घेत थांबायचं. एक माप सलग तीन दिवस न दुखता गेलं की पुढचं. डायलेटर योनी ‘मोठी’ करत नाही, आत काही गेलं तरी वाईट होत नाही हे मेंदूला शिकवतो. तिसऱ्या-चौथ्या मापाला बहुतेक जणी अडकतात; तेव्हा एक माप मागे जाऊन जोडीदाराच्या हाताने तेच करायचं. मेणबत्त्या वगैरे घरगुती जुगाड नको, तुटतात आणि टोचतात. नेदरलँड्समधे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेरपिस्ट शेजारी बसून बाईने स्वतःच ही पायरीपायरीची सवय करायची, अशी जास्तीत जास्त तीन लांब सत्रं ठेवली होती. उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३१ जणींना नंतर संबंध शक्य झाला. नुसतं थांबवून ठेवलेल्या ३५ पैकी ४ जणींना. म्हणजे हा आजार हट्टी दिसतो, पण योग्य हातात लवकर हलतो.

खोलवर दुखणं, सोबत पाळी अशी की दोन दिवस अंथरुणात, पाळीत शी करताना कळ: एंडोमेट्रिओसिस असेल असं धरूनच चालावं. सोनोग्राफी नॉर्मल असली तरी तो नाही असं म्हणता येत नाही. औषधासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी व्हायलाच हवी असंही आता मानत नाहीत. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज, पहिले काही महिने मधेमधे डाग लागतात म्हणून घाबरून सोडू नका. ते गर्भनिरोधक म्हणून धरू नका. संबंधाच्या वेळी कुशीवर किंवा बाई वर, अशा स्थितीत खोली तिच्या ताब्यात राहते. ‘पिशवीला सूज आहे’ हे निदान नव्हे, ते वाक्य आहे. सूज कशामुळे, हे विचारा. ओटीत दुखतं, पांढरं जातं एवढ्या कारणावर पिशवी काढून टाकण्याचं काय होतं, ते बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या निमित्ताने २०१९ मधे सगळ्यांनी पाहिलं. तिशी-पस्तिशीत अंडाशयंही सोबत काढली तर कोरडेपणाचं दुखणं वर नव्याने लागतं.

बाळंतपणानंतर दोन गोष्टी एकत्र असतात. टाक्यांचा व्रण, आणि अंगावर पाजताना इस्ट्रोजेन खाली गेल्याने आलेला कोरडेपणा. सहा आठवड्यांनंतर जखम पूर्ण भरली असेल तर व्रणावर अंगठ्याने रोज पाच मिनिटं मालीश, आणि तेच इस्ट्रिऑलचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने. व्रणावर लाल, हात लावला की रक्त येणारा मांसाचा कोंब दिसला तर सिल्व्हर नायट्रेटने दवाखान्यात दोन मिनिटांत तो जाळता येतो; महिनोन्‌महिने सोसण्याची गरज नसते.

पाळी गेल्यानंतर: इस्ट्रिऑल अर्धा मिलिग्रॅम दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि हे चालूच ठेवायचं. बंद केलं की कोरडेपणा परत येतो. स्तनाच्या कर्करोगाची औषधं चालू असतील तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. योनीच्या महागड्या लेझर उपचारावर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या: अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मधेच त्याच्या जाहिरातींबद्दल इशारा दिला आणि २०२१ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तो खोट्या लेझरपेक्षा सरस ठरला नाही.

रात्रीची खाज, पांढरी पातळ त्वचा, संबंधानंतर चिरा: लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार. याला साधं इस्ट्रोजेन पुरत नाही. क्लोबेटासॉल या कडक स्टेरॉइडचं ०.०५ टक्के ऑइंटमेंट, बोटाच्या पेरावरच्या रेघेएवढं, महिनाभर रोज, मग महिनाभर दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांत ३० ग्रॅमची एक ट्यूब पुरते. क्लोबेटासॉलसोबत अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक मिसळलेली, मेडिकलमधे मागितली की मिळणारी खाजेची मलमं इथे लावू नका. हा आजार आयुष्यभर लक्ष ठेवण्याचा आहे, कारण क्वचित त्यात कर्करोग होतो. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर तुकडा तपासायलाच हवा.

संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, ताप आणि ओटीपोटात दुखणं, दुर्गंधीचा स्राव: यात मलमांचे प्रयोग करत घरी बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर इतकं लिहून न्या: दुखणं कुठे, कधीपासून, नंतर किती वेळ, पाळीची तारीख, आजवरच्या सगळ्या गोळ्या आणि मलमांची नावं. आदल्या दोन दिवसांत काही लावू नका, नाहीतर पीएच पट्टी आणि स्रावाची तपासणी दोन्ही फसवतात. आणि टेबलावर चढण्याआधीच सांगा: ‘स्पेक्युलम शेवटी घाला. आधी कापसाच्या काडीने दारापाशी तपासा, मला आरसा द्या, थांबा म्हटलं की थांबा.’